भिंतीवरचा नंबर

आमच्या खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लग्नकार्यात कोणी तब्येत विचारत नाही. पंगतीत शेजारी बसलेला माणूस वरणभात कालवता कालवता विचारतो, "मेश्राम बाबू, तुमच्या फोनले रेंज काऊन नाही राहत जी?" नोकरी सोडून वर्षं झाली, तरी रेंज माझ्याच खिशात आहे अशी लोकांची समजूत. मी हसतो आणि पापड मागवतो.

सरकारी टेलिफोनात मी बत्तीस वर्षं काढली. अर्धी तारेच्या फोनवर आणि अर्धी मोबाईलवर. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी तरुण होतो, खांबावर चढत होतो. पुढे गुडघे गेले तसं मला कचारगडच्या वाटेवरच्या एका तालुक्याच्या ऑफिसात बसवलं. काम दुहेरी होतं. सकाळी काउंटरवर सिम विकायचे, तक्रारी घ्यायच्या. दुपारी मोटारसायकलनं जंगलातले टॉवर बघून यायचे. गिऱ्हाईकाला तोंड देणारा मीच आणि ज्या यंत्रावर तो रागावलेला, त्याची बॅटरी पुसणाराही मीच.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना एक सांगतो. मोबाईल बिनतारी असतो हे अर्धंच खरं आहे. तुमच्या हातापासून टॉवरपर्यंत तेवढी तार नाही. टॉवरच्या पुढे सगळा जुनाच कारभार. जमिनीतली केबल, तालुक्याचं ऑफिस, जिल्ह्याचं ऑफिस. रस्ता रुंद करणाऱ्याच्या जेसीबीनं ती केबल तोडली की टॉवर उभाच राहतो, लाल दिवा जळतो, तुमच्या फोनवर पाचही दांड्या दिसतात आणि फोन मात्र लागत नाही. मग गिऱ्हाईक काउंटरवर फोन आपटतो. "दांड्या तं पूर्ण हायेत, बाबूजी! तुमीच बंद करून ठेवला!" त्याला काय सांगणार? टॉवर त्याच्याशी बोलत होता, पण टॉवरशी बोलणारं कोणी नव्हतं.

कचारगडच्या जत्रेत तर वेगळीच गंमत. माघात लाखो माणसं गोंड देवांच्या गुंफेला येतात. दूरदूरच्या राज्यांतून. आमचा टॉवर एका वेळी मोजक्याच लोकांना बोलू देणारा. हरवलेली लेकरं, चुकामूक झालेल्या बायका, सगळे एकदम फोन लावायचे आणि कोणालाच लागायचा नाही. एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले आणि मला म्हणाले, "माह्या फोनमंधी थोडी रेंज भरून द्या." मी त्यांचा फोन घेतला, बंद करून चालू केला आणि परत दिला. नशिबानं लागला. ते मला हात जोडून गेले. अशा फुकटच्या नमस्कारांवर आमची नोकरी चालायची.

पण आज लिहायला बसलो ते हे सांगायला नाही.

आमचा टॉवर त्या जंगलपट्ट्यात पहिला. दुसऱ्या कंपन्या तिकडे फिरकत नव्हत्या. त्यांना तिथे फायदा नव्हता. टॉवर सुरू झाला तेव्हा सिमसाठी ऑफिसपुढे रांग लागली. फॉर्म, फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स. त्या रांगेत कोसमटोल्याच्या सगुणाबाई मडावी होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, आठवी शिकलेल्या, नुकत्याच आशा म्हणून नेमलेल्या. आशा म्हणजे गावातली आरोग्याची बाई. कोण गरोदर आहे, कोणाला ताप आहे, कोणाचं लेकरू लसीचं राहिलं, हे सगळं बघणारी. फॉर्मवर त्यांनी सही केली. त्या दिवशी नव्वद टक्के अंगठेच उठले होते, म्हणून मी म्हणालो, "बाई, सही चांगली आहे तुमची." त्या लाजल्या.

पुढे आरोग्य खात्याचा पेंटर आला आणि चार टोल्यांच्या, म्हणजे वाड्यांच्या, शाळांच्या भिंतींवर निळ्या ऑइलपेंटनं लिहून गेला. गरोदर मातांनी संपर्क करावा, आशा सगुणाबाई मडावी, आणि खाली हातभर मोठ्या आकड्यांत त्यांचा नंबर. आमचा नंबर. टॉवरकडे जाताना पिपरटोल्याची शाळा रस्त्यावरच लागायची. त्या भिंतीसमोरून मी आठवड्यातून दोनदा गेलो असेन. आपल्या खात्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर बघून बरं वाटायचं. हे खोटं नाही. खांबावर चढणाऱ्या माणसाला अभिमानाला जागा कमी असते. मला ती भिंत होती.

सगुणाबाई त्या फोनला फार जपायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला. महिन्यातून एकदा काउंटरवर यायच्या आणि टॉवर बंद राहिलेल्या दिवसांची यादी सांगायच्या. "बाबूजी, मंगळवारी नव्हता, बुधवारी अर्धा दिस नव्हता. एका बाईले दुखाले लागलं तं तिचा नवरा पायी आला ना जी मले बलवाले." मी रजिस्टरमध्ये लिहायचो आणि पुढच्या रकान्यात 'दुरुस्त' लिहायचो. दुरुस्त म्हणजे काय, तर वीज आली म्हणून टॉवर आपोआप चालू झाला. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. वीज गेली की टॉवर अर्धा तासही तग धरत नव्हता. नव्या बॅटऱ्यांची मागणी मी दर वर्षी पाठवायचो. ती कोणाच्या टेबलावर जाऊन निजायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता त्या फॉर्मचं सांगतो. रांगा लावून विकलेल्या सिमांचे फॉर्म गठ्ठे बांधून आमच्या मागच्या खोलीत ठेवले होते. एका पावसाळ्यात त्या खोलीचं छत गळलं. कळलं तेव्हा खालचे गठ्ठे लगदा झाले होते. वरचे मी बॅटरीच्या खोलीत पसरून वाळवले. उरलेल्यांचं काय करायचं, म्हणून साहेबांना विचारलं. आमचे साहेब जिल्ह्याहून आठवड्यातून एकदा यायचे; माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. म्हणाले, "कशाला लिहून कळवता? कोण बघतं ते फॉर्म?" मी ऑफिसच्या मागे खड्डा खोदवला आणि लगदा पुरला. वरून माती सारखी केली.

चार-पाच वर्षांनी वरून आदेश आला. प्रत्येक गिऱ्हाईकाचा फॉर्म तपासा. ज्याचा नाही, त्याला संदेश जाईल. कागद आणून दिले नाहीत तर नंबर बंद होईल. संदेश गेले, इंग्रजीत. कोसमटोल्याला इंग्रजीत. आणि माझ्याकडे आली लांबलचक यादी. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं होतं आणि कारणं दोनच छापलेली. एक, फॉर्म सदोष. दोन, ग्राहकाने फॉर्म दिला नाही. 'आमच्याकडून हरवला' असं तिसरं कारण छापलेलंच नव्हतं. हातानं लिहिता आलं असतं. मी दोन आकडा लिहीत गेलो. पानामागून पान, दोन, दोन, दोन. त्यातच एका ओळीत सगुणाबाईंचा नंबर होता. आठवड्यातून दोनदा हातभर आकड्यांत बघितलेला नंबर, आणि कागदावर मला तो ओळखू आला नाही.

फोन बंद पडल्यावर त्यांना वाटलं, फोनच बिघडला. बाजाराच्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्यानं उघडून बघितला, दुसरी बॅटरी टाकली. माझ्याकडे आल्या तोवर बरेच दिवस गेले होते. मी संगणकावर बघितलं आणि सांगितलं, "बाई, हा नंबर आता मिळत नाही. नवा फॉर्म भरा, नवा नंबर घ्या."

"माहा नंबर भित्तीवर लिवला हाय जी. चार टोल्यात."

"मग पुसून नवा लिहा."

इतकं सोपं होतं ते माझ्यासाठी. त्यांनी नवा नंबर घेतला. आरोग्य खात्याकडे पेंटर मागितला. तो काही आला नाही. मग त्यांनी स्वतः जुन्या आकड्यांवर गेरू फासला आणि वर चुन्यानं नवा नंबर लिहिला. चारही शाळांवर, पायी जाऊन. पिपरटोल्याची भिंत मला जाता-येता दिसली, बाकीच्यांचं पुढे कळलं.

गेरू आणि चुना पावसात किती टिकणार? आमच्याकडचा पाऊस धानाचा पाऊस असतो, चार महिने कोसळतो. श्रावण सरेपर्यंत पिपरटोल्याच्या भिंतीवरचा चुना वाहून गेला, मग गेरू वाहून गेला. खालचा ऑइलपेंट तसाच होता. जुना नंबर धुऊनपुसून पुन्हा वर आला. नाल्याला पूर होता, मला किंवा सगुणाबाईंना तिकडे जाता येत नव्हतं. तोंडी निरोप पाठवत होत्या, पण निरोप कोण लक्षात ठेवतो? भिंत तर समोर दिसते.

आणि इकडे तो नंबर रिकामा राहिला नव्हता. बंद झालेला नंबर काही महिने झोपवून ठेवतात आणि मग नव्या गिऱ्हाईकाला देतात. हा नियम सगळीकडेच आहे. गाडीतली जागा रिकामी झाली की दुसरा बसतो तसा. सगुणाबाईंचा नंबर तिरोड्याच्या वीजकारखान्यावर क्रेन चालवायला झारखंडहून आलेल्या महतो नावाच्या माणसाला मिळाला.

पोळा होऊन गेला होता. पिपरटोल्याच्या बिसराम टेकामच्या बायकोला, सुकवारोला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सकाळची दहाची वेळ. बिसराम शाळेच्या भिंतीपाशी धावला. त्याला आकडे वाचता येत होते, पण त्या भिंतीपाशी रेंज नव्हती. रेंज मिळायची ती मागच्या बांधावर. म्हणून त्यानं चुलीतल्या कोळशानं नंबर तळहातावर उतरवून घेतला आणि बांधावर जाऊन फोन लावला.

त्या दिवशी आमचा टॉवर चालू होता. फोन पहिल्याच झटक्यात लागला.

पलीकडून कोणी परका पुरुष हिंदीत बोलला. बिसराम घाबरून गोंडीत सांगत होता, बाईला द्या, बाईला द्या म्हणत होता. पलीकडचा म्हणाला, रॉंग नंबर. बिसरामनं पुन्हा लावला. पुन्हा तोच माणूस. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्या माणसानं शिवी दिली. मग फोन बंद लागायला लागला.

बाजेवर घालून सुकवारोला नाल्यापर्यंत आणलं. चौघांनी खांद्यावरून नाला पार केला. पलीकडे ट्रॅक्टर मिळायला वेळ गेला. दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही. पोटातलं लेकरूही गेलं. सगुणाबाई त्या दिवशी घरीच होत्या, फोन चालू होता, आणि दवाखान्याच्या गाडीवाल्याचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. वेळेत कळलं असतं तर ती वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी हे वाक्य पुष्कळदा मनात उलटसुलट करून बघितलं आहे. ते कुठूनही धरलं तरी टोचतं.

आरोग्य खात्याची चौकशी लागली. आशा फोनवर मिळाली नाही, असा शेरा आला. सगुणाबाई माझ्या काउंटरवर आल्या. फोनबद्दल काही बोलल्या नाहीत, रेंजबद्दल नाही.

"बाबूजी, एक कागद पायजे. का नंबर तुमच्या हाफिसनं बंद केला मनून. मी बंद नाही केला."

मागणी खरी होती. मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "मेश्राम, माणूस मेला आहे. उद्या कोर्टात गेला तर तो कागद आपल्या गळ्यात येईल. द्यायचाच तर छापील नमुन्यात द्या."

छापील नमुना माझ्या खणातच होता. 'सदर ग्राहकाने विहित मुदतीत कागदपत्रे सादर न केल्याने सेवा खंडित करण्यात आली.' नाव आणि नंबर तेवढा भरायचा. मी भरला, शिक्का मारला आणि सरकवला.

का मारला? माझा बाप दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायचा. आमच्या घराण्यात महिन्याचा पगार घेणारा मी पहिला. मुलगी नागपूरला शिकत होती. पेन्शनला काही वर्षं उरली होती. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांचा सगुणाबाईंशी काही संबंध नव्हता, हेही खरं आहे.

त्यांनी कागद सावकाश वाचला. ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"मी कागद नव्हते देल्ले?"

मी शिक्क्याच्या डबीचं झाकण लावलं.

"तुमच्या हातात देल्ले होते, बाबूजी. तुमी मनलं होतं, सही चांगली हाय."

"रेकॉर्डला नाही, बाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात; राग असता तर मला सोपं गेलं असतं. बाजारात ओळखीच्या दुकानदाराला मापात मारताना बघावं, तसं बघितलं. कागदाची घडी केली, काउंटरवर ठेवली आणि निघून गेल्या. तो कागद त्यांनी नेला नाही. पण त्याची दुसरी प्रत चौकशी करणाऱ्या बाईंनी आमच्याकडून मागवून घेतली. महिन्याभरात कोसमटोल्याला दुसरी आशा नेमली गेली. सगुणाबाई रोवणी-कापणीच्या रोजीला जाऊ लागल्या.

त्यानंतर मी एक काम केलं, जे नियमात बसत नव्हतं. संगणकावर तो नंबर कोणाकडे आहे ते काढलं आणि स्वतः फोन लावला. एका रविवारी तिरोड्याला गेलो. महतो कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. काळासावळा, दणकट, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सरकारी माणूस भेटायला आला म्हणून त्याला वाटलं, त्याची तक्रार शेवटी कोणीतरी ऐकली.

"साहब, परेशान हो गए हम. रोज किसी न किसी का फोन. कोई औरत रोती है, कोई आदमी चिल्लाता है, भाषा समझ में नहीं आती. कस्टमर केयर को दस बार बोला. बोलते हैं, नंबर आपका ही है."

मी त्याला विचारलं, पोळ्यानंतर एका सकाळी तीन वेळा फोन आला होता का. त्याला आठवत होतं. तो क्रेनच्या केबिनमध्ये होता, दोरावर माल लटकत होता, खाली माणसं होती. तिसऱ्या वेळी तो भडकला आणि त्यानं फोनच बंद केला.

मी त्याला काय झालं ते सांगितलं. त्याच्या हातातला कप तसाच राहिला. म्हणाला, "हमको क्या मालूम था, साहब." मग खिशातून फोन काढला, मागचं झाकण उघडलं आणि सिम काढून माझ्या हातावर ठेवलं. "ले जाइए. उनको दे दीजिए."

या सगळ्या प्रकरणात कोणाला न विचारता योग्य ते करणारा माणूस तेवढा एकच निघाला, आणि त्याचा त्यात काहीच दोष नव्हता.

पण सिम असं हातोहात देता येत नाही. मी त्याच्याकडून संमतीचा अर्ज लिहून घेतला, सगुणाबाईंच्या नावानं नंबर करून द्यावा असं टिपण जोडलं आणि वर पाठवलं. त्यातही मी फॉर्म पुरल्याचं लिहिलं नाही. 'विशेष बाब म्हणून' असं लिहिलं. उत्तर यायला हिवाळा उलटला. एक ओळ होती. रक्ताच्या नात्याबाहेर नंबर देण्याची तरतूद नाही. तोवर महतोचं तिथलं काम संपून तो गुजरातकडे गेला होता. आणि पिपरटोल्याच्या भिंतीवरचा नंबर सगुणाबाईंनी कोणाची वाट न बघता विळ्यानं खरवडून काढला होता. सगळा रंग, खालच्या सिमेंटपर्यंत.

त्याच सुमारास खाजगी कंपन्यांचे टॉवर तिकडे आले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली होती. माझ्या काउंटरवर आता एकाच कामासाठी रांग लागायची, सोडून जाण्यासाठी. मी कोणाला थांबा म्हटलं नाही. काय तोंडानं म्हणणार? पुढे आम्हालाच घरी बसवण्याची योजना आली. अर्ध्या ऑफिसनं अर्ज केला, मीही केला. निरोपाला शाल, नारळ आणि एक घड्याळ मिळालं. साहेब बोलताना म्हणाले, मेश्रामांचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. टाळ्या झाल्या.

त्याच वर्षी गोरेगावच्या आठवडी बाजारात सगुणाबाई भेटल्या. लेकीकडे आल्या होत्या. केस पिकले होते. मी तोंड चुकवणार होतो, त्यांनीच हाक मारली.

"बाबूजी! कसे हाव जी?"

आम्ही भाजीच्या दुकानापाशी उभे राहिलो. सहा वर्षं मनात घोळवलेलं बोलायचं होतं. मी म्हणालो, "बाई, तुमचा फॉर्म आमच्याकडेच होता. पावसात भिजला. मीच पुरला."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाफिसात झाडू मारे ते बाई आमच्याच टोल्याची. तिनं तवाच सांगितलं."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी बोलली असती तं कोन आयकलं असतं? कागद तं तुमचा होता." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मले काही नोको आता. पन एक काम करा. पिपरटोल्याले जा. बिसरामले सांगा."

"काय सांगू?"

"तो अजूनई मनते, माह्याच हातानं नंबर चुकला. हातावर लिवताना आकडा चुकला असन. चौकशीतई त्यानं तसंच सांगितलं ना तसंच लिवून घेतलं. मी कितीक डाव सांगून पायलं. तो मनते, बाई तू समजूत काढून रायली. तुमी फोनवाले हाव. तुमचं आयकन."

माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं ते. सहा वर्षं मी सगुणाबाईंचा विचार केला, महतोचा केला, माझ्या पेन्शनचा केला. बिसरामला मी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. पिपरटोल्याला आता पक्का रस्ता होता, नाल्यावर पूल होता. बिसराम अंगणात बांबूच्या कमच्या काढत बसला होता. वाळका, गालफडं बसलेला. त्याची म्हातारी आई पडवीत मोहाची फुलं निवडत होती. मी नाव सांगितलं, पूर्वी टेलिफोनात होतो म्हणालो. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं.

मी सांगितलं. तू भिंतीवरचा नंबर लावलास तो अगदी बरोबर होता. एकही आकडा चुकला नव्हता. तिन्ही वेळा तोच नंबर लागला. आम्ही तो नंबर सगुणाबाईंकडून काढून दुसऱ्याला दिला होता.

बिसरामच्या हातातली सुरी थांबली. "पुन्ना सांगा जी."

मी पुन्हा सांगितलं.

"तिन्ही डाव बरोबर?"

"तिन्ही वेळा."

तो उठला. स्वतःचा डावा तळहात त्यानं उघडून बघितला, बराच वेळ. मग आईकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "माय, आयकलं का? हे बाबूजी फोनवाले हायेत. नंबर बरोबर होता मनते! मी नाही चुकलो!"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. तिला कमी ऐकू येत होतं. बिसरामनं दोनदा सांगितल्यावर तिला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. सून गेल्यापासून ती पोराला काय काय बोलली असेल, ते तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं.

"नंबर बरोबर होता, तं मंग चुकी कोनाची होती?" तिनं विचारलं.

मला वाक्यं येत होती. खात्याची, नियमाची, पावसाची, वरच्या आदेशाची. बत्तीस वर्षं तीच वाक्यं मी काउंटरवरून लोकांना देत आलो होतो. बिसरामही माझ्याकडे बघत होता.

"माझी," मी म्हणालो.

म्हातारीनं कानामागे हात धरला. "काय मनते?"

मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.